पाचवा गोळा

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींची झोप आणि बाळाचं पोट ठीक असेल अशी आशा आहे. (क्रमात काही सुचवायचं नाही.) आई तिकडे तुझ्यापाशी बरी असणारच; फोनवर तिचा आवाज इतका खुशीत येतो की विचारायची सोय नाही.

इकडे मी आणि बाबा मजेत आहोत असं लिहिणार होते, पण खोटं लिहू नये हे तुम्हीच मला शिकवलंत. बाबा भांडी घासतात आणि मी ती गुपचूप पुन्हा घासते. प्रयोगशाळेत सध्या माझ्याकडे शेणकिडे दिले आहेत. तू नाक मुरडशील, पण त्यांचा संसार बघ. शेणाखाली दोघं मिळून बीळ खणतात, नर शेण आत ओढून देतो, मादी त्याचे गोळे वळते आणि प्रत्येकात एकेक अंडं घालते. मग नराला बाहेर काढते (बाबांशी संबंध जोडू नये) आणि पिल्लं निघेपर्यंत उपाशीपोटी गोळ्यांपाशी बसते. चीर गेली की लिंपते, बुरशी आली की साफ करते. मी काचेतून बघत राहते आणि माझा डबा गार होतो. खरं सांगायचं तर मला त्या गोळ्यांचा हेवा वाटतो. "तू शहाणी आहेस, तुझं तू बघशील," असं म्हणून त्यांना सोडून कोणी बॅग भरत नाही.

परवा घोटाळा झाला. एक मादी मेली. तिचा एकुलता गोळा वेगळा ठेवायचा, तो मी घाईत दुसरीच्या चार गोळ्यांत ठेवून बसले. आता कुठला कुणाचा, ओळखू येईना. ती परका गोळा फोडून टाकेल या भीतीनं रडकुंडीला येऊन मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, ती मोजत नाही. बघ जरा." खरंच, ती पाचही गोळ्यांवरून फिरत होती. एकाला बारीक चीर गेली होती, त्याच्यापाशी जास्त वेळ थांबली. मला फार बरं वाटलं, आणि मग फार वाईट.

बाळाचा फोटो मिळाला. गोड आहे. मी तो पुन्हा पुन्हा बघते, बहुतेक वेळा कोपऱ्यात आलेला आईचा हात बघायला.

तुझी,
धाकटी

ता. क. हे आईला वाचून दाखवू नकोस. तिला वाटेल मी जळते.

ता. क. जळतेच. पण बाळावर राग धरू शकत नाही, त्याचा काही दोष नाही. तुझाही नसावा, अजून विचार करते आहे.

ता. क. शनिवारी मी येते. बाळाचे लंगोट मी धुवीन, हाताला सवय झाली आहे. बाबाही येतो म्हणतात. ते बाहेरच्या खोलीत झोपतील. आईनं विचारलं, "ही मधेच कशी आली?" तर सांग, कुठंतरी बारीकशी चीर गेली आहे.