घोडे शेपटीकडून धावले तेव्हा

२ मार्च, रविवार

१. आमच्या कारखान्यानं बागेत बसवलेल्या नव्या मेरी-गो-राउंडचं आज उद्घाटन.
२. नगराध्यक्ष पांढऱ्या घोड्यावर बसले. मागे शाळेची मुलं.
३. बटण दाबलं.
४. सगळे घोडे उलटे धावले. शेपटी पुढे, तोंड मागे.
५. बँड वाजतच राहिला.

कोरडं लिहिलंय, कारण हसू आवरत नाहीये! घोडे माना उंचावून ऐटीत मागे मागे चाललेत, आणि नगराध्यक्ष हात हलवत सगळ्यांचा निरोप घेतायत — प्रत्येक फेरीला, त्याच लोकांचा! मुलं उतरायलाच तयार नाहीत. "पुन्हा उलटं! पुन्हा उलटं!" मी चेहरा गंभीर ठेवला. मग कंट्रोलच्या खोलीत गेले, दार लावलं आणि पोट धरधरून हसले. एकटीच.

बाहेर आले तर कारखान्याचे मालक आमच्या वायरमनवर ओरडत होते; झटका म्हणतात त्याला सगळे. "उद्यापासून तोंड दाखवू नकोस!" चारचौघांत. झटका मान खाली घालून उभा. शेजारी आमच्या कारखानाप्रमुख मॅडम. पांढऱ्याफटक. गप्प.

३ मार्च, सोमवार

झटक्याची चूक नाही. कारखान्यात चाचणी झाली तेव्हा घोडे बसवलेले नव्हते, नुसता सांगाडा फिरत होता. मॅडम चक्राखालच्या खड्ड्यात. मी वर, बेअरिंगचं तापमान बघत. खालून पाहिलं की फिरण्याची दिशा उलटी दिसते. मॅडम ओरडल्या, "झटक्या, उलटं फिरतंय! मोटरच्या दोन वायरी अदलाबदल कर." त्यानं केल्या. मी ऐकलंय.

त्याला फोन केला. म्हणाला, "ताई, तुम्ही मधे पडू नका. मॅडमनीच हाताला धरून शिकवलंय मला. आणि नगराध्यक्षांना मागे नेणारा पहिला माणूस म्हणून नाव तर राहील!" घरी जुळ्या मुली. "बाप घरी आहे म्हणून दोघी खूश. तिसरी नाही — ती त्यांची आई."

हसले. फोन ठेवल्यावर वाटलं — मॅडम बोलल्या नाहीत तर? कॉलेजातून आले तेव्हापासून मी याच बाईकडे बघत काम शिकले.

४ मार्च, मंगळवार

बोलल्या!!

मालक कारखान्यात फेरी मारत होते. मॅडम सरळ अवजारांच्या पेटीवर चढल्या. "ऐका रे सगळे! चक्र उलटं मी फिरवलं. खड्ड्यातून वर बघत होते आणि वरून काढलेल्या ड्रॉइंगशी ताडत होते. अक्कल गहाण ठेवली होती! झटक्यानं मी सांगितलं तेवढंच केलं."

मालक म्हणाले, "मॅडम, हे आपण केबिनमध्ये बोलू."

"त्याला चारचौघांत बोललात ना? मग हेही चारचौघांतच."

मग कोपऱ्यातून रंगारीकाका — "निघालंच आहे तर सांगतो, एका घोड्याला दोन्ही डावेच कान लागलेत." हशा! पॅकिंगवाली म्हणाली, तरीच तो माझं ऐकत नव्हता! मग फिटर पुढे आला. हसत नव्हता. "ब्रेकच्या बोल्टांतला एक मी हाताशी होता तो लावलाय. मापाचा नाही. उद्घाटनाची घाई होती... सांगायला घाबरलो."

मी पाना उचलला.

मी बागेत जाऊन तपासलं. खरं होतं. मुलं बसलेली असताना तो तुटला असता तर — पुढचं लिहीत नाही. बोल्ट बदलला. वायरी पुन्हा होत्या तशा लावल्या. घोडे तोंडाकडून धावले. आसपास कोणी नव्हतं, म्हणून कान चुकलेल्या घोड्यावर बसून मी एक फेरी मारली. बरं, तीन. ओरडलेही! चाचणीच्या अहवालात हे येणार नाही. सुरक्षिततेच्या नव्या दाखल्यावर सही मात्र माझीच लागणार.

५ मार्च, बुधवार

झटका परत कामावर! आल्या आल्या मॅडमना म्हणाला, "आता उलटं म्हणजे वरून की खालून, ते आधी सांगा." त्यांनी हातातलं फडकं फेकून मारलं. दिवसभर मी उगाचच गुणगुणत होते. पॅकिंगवाली दोनदा वळून बघून गेली. "ताई, बरं आहे ना?"

संध्याकाळी मालकांनी बोलावलं. "चूक चव्हाट्यावर मांडणारा प्रमुख मला परवडत नाही. मॅडमना महिनाअखेर मोकळं करतोय. त्यांची जागा तुमची. तुम्ही कमी बोलता — मला तेच हवंय."

आई म्हणते, "चालून आलेली संधी आहे. घे की! त्या गेल्या त्यांच्या तोंडानं."

जेवण झाल्यावर कागद-पेन घेऊन बसले.

६ मार्च, गुरुवार

सकाळी मालकांच्या टेबलावर हे ठेवून आले. खाली माझी सही, मग झटक्याची, मग फिटरची, मग सगळ्यांची:

"मॅडमची जागा मला नको. त्यांनी स्वतःची चूक सांगितली म्हणून ब्रेकची चूक बाहेर आली. त्यांना काढलंत तर पुढची चूक तुम्हाला इथलं कोणीही सांगणार नाही, आणि चक्र सुरक्षित आहे या दाखल्यावर मी सही करणार नाही. मॅडम राहणार की नाही, ते शनिवारपर्यंत लेखी कळवावं."