रोलवरची हळद

७ मे २००६

आक्कांनी आज परत तेच काढलं. "हळदीला विनिता पुढं यायची न्हाय." आक्का म्हणजे ह्यांची थोरली बहीण. विनिता माझी सून; जिचं लग्न आहे त्या माझ्या नातीची, पूर्वीची आई. माझा लेक बाळाराम गेला म्हणून आईनं पोरीला हळद लावायची न्हाय! शिलाई मारून मारून हिनं पोरगी वाढवली, आणि पहिली हळद कोण लावणार, तर आक्का! हे पेपरात तोंड घालून बसले. मी तांदूळ निवडत होते. लग्नघर म्हणून जीभ आवरली.

१० मे

फोटोवाला भूपेश येऊन घर बघून गेला. गळ्यात दोन कॅमेरे. एक डिजिटल — काढला फोटो की लगेच मागच्या काचेत दिसतो. दुसरा रोलचा. त्यातलं धुऊन येईपर्यंत कुणालाच दिसत न्हाय. ह्यांचा हट्ट, कागदावरचा फोटो तोच खरा. माझा काढला तर तोंड रागीट आलं. पूर्वी म्हणते, "आजी, तू अशीच दिसतेस गं." काय गोड हसते माझी बाय!

गरमी मरणाची. लाईट गेली, शेजारचे कापड विणायचे लूम थांबले, तेवढीच कानाला शांतता.

१४ मे

हळद झाली. गच्चीवर मांडव, लोक चटयांवर ऐसपैस, सरबत, गाणी. कुणाला घाई न्हाय. पण माझं डोकं फिरलेलं!

पहिली हळद आक्कांची. नंतर विनिता पाणी घेऊन आली आणि जाता जाता पोरीचे केस कानामागं सारले. तेवढ्यात भूपेशनं डिजिटलवर फोटो काढला. आक्का खुर्चीतून उठल्या, काचेत बघितलं. "ही कशाला मधी आली? काढून टाक." त्यानं बटण दाबलं. गेला फोटो! पाटीवरचं अक्षर पुसावं तशी आई पुसली.

मी हळदीची वाटी खाली आपटली. आक्का म्हणाल्या, "अपशकून." मी म्हटलं, "व्हय. आत्ताच केलात तुमी."

विनिता मात्र हसत आत गेली. तिच्यावरही चिडले. माणसानं एवढं गरीब ऱ्हाऊ नये!

१५ मे

लग्न लागलं. पोरगी गेली. घर खायला उठतं. भूपेशशी बोलले न्हाय. जेवायला वाढलं, तेवढंच.

३० मे

रोलचे फोटो आले. भूपेशनं पाकीट माझ्याच हातात दिलं.

एका फोटोत हळदीच्या दिवसाची पहाट. गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं. विनिता पूर्वीच्या गालांना हळद लावतेय. आक्कांच्या आधी! सगळ्यांच्या आधी!

"पूर्वीताईनंच बोलावलेलं," भूपेश म्हणाला. "म्हणाली, रोलवर काढ, कुणी बघायला नको."

संध्याकाळी आक्कांचा फोन. रोलचे फोटो कसे आलेत? म्हटलं, काय सांगू आक्का, उजेड शिरला. सगळा रोल जळला.