किलोच्या भावाने घेतलेलं वेल्डिंग मशीन

प्रकाशा, ता. शहादा
मंगळवार सकाळ

सन्माननीय व्याही श्री. रतिलालभाऊ यांना हेमकांतचा वाकून रामराम.

आपली शुगर, जसोदाबाईंचे गुडघे आणि आपल्या अंगणातलं ते जगप्रसिद्ध लोखंडी गेट, तिघांची तब्येत उत्तम असेल असं धरून चालतो. इकडे आपली कामिनी सुखरूप आहे. सातवा लागलाय, आणि चिंचेच्या गोळ्यांवर तिचं आणि तिच्या सासूचं एकाच वेळी मन जातं (सासूला कसले डोहाळे, हे विचारायची माझी हिंमत नाही). फोन न करता पत्र एवढ्यासाठी, की आपण फोन कायम स्पीकरवर ठेवता आणि मग आमच्या घरातलं बोलणं शहाद्याच्या स्टँडवर चहासोबत मिळतं. हे पाकीट आमचा ड्रायव्हर मगन याच्या हाती केळीच्या गाडीतून पाठवतोय. मगनला वाचता येतं, म्हणून ते चांगलं चिकटवणार आहे.

आता मुद्द्याचं. लग्नात आपण लेकीला दिलेला झोपाळा मोडला. घाबरू नका, फळी शाबूत आहे. वरच्या कडीत अडकतो तो एका दांड्याचा आकडा तुटला. कारण विचाराल तर मी, माझा भाऊ हेमराज आणि मगन असे तिघं त्यावर बसून ग्रामपंचायतीची चर्चा करत होतो, आणि हेमराजने एका मुद्द्यावर जोर दिला. येत्या रविवारी डोहाळजेवण. जसोदाबाईंनी निक्षून सांगितलंय की लेकीची ओटी आपण दिलेल्या झोपाळ्यावरच भरायची. म्हणजे रविवारच्या आत झोपाळा जोडायचा, तोही असा की दोन जिवांची पोर त्यावर निर्धास्त बसेल. गेले दहा दिवस मी याच एका गोष्टीमागे धावत होतो, हे खरं सांगतो.

गावात वेल्डर आहे की, असं आपण म्हणाल. आहे. दानियल. हात सोन्यासारखा. पण उसाचा हंगाम सुरू आहे आणि त्याच्या दारात मोडक्या ट्रॉल्यांची रांग लागलीय. त्याने मला पुढच्या बुधवारची तारीख दिली. आणि खोटं कशाला बोलू, मला त्याच्याकडे जायचंच नव्हतं. साखरपुड्यात पन्नास माणसांसमोर आपण म्हणाला होतात, 'व्याही, ज्याच्या दारात ट्रॅक्टर आहे त्याने वेल्डरच्या दारात उभं राहणं शोभत नाही. मी घरीच मशीन घेतलंय, सगळं स्वतः करतो.' त्यानंतर आपण व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो (हेल्मेट घालून गेट जोडताना, हेल्मेट घालून जिना जोडताना, हेल्मेट घालून नुसतेच उभे) मी किती वेळा पाहिले असतील, त्याची गणती नाही. ट्रॅक्टरच्या पत्र्याच्या शेडला मी त्याच आठवड्यात गॅरेज म्हणायला लागलो. गॅरेज झालं, आता मशीन हवं होतं.

शहाद्याच्या दुकानात गेलो. दुकानदाराने टेबलावर एक डबा ठेवला आणि म्हणाला, हे इन्व्हर्टर मशीन, घरच्या लाइटवर चालतं, स्वस्तात मस्त. मी उचलून पाहिलं. जेमतेम पाच किलो. रतिलालभाऊ, आपण दोघं केळीवाले. आयुष्यभर घड काट्यावर ठेवून भाव केलाय. पाच किलोच्या वस्तूला एवढे पैसे म्हणजे किलोला काय पडले, हा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला आणि मी दुकानदाराला चोर ठरवून बाहेर पडलो. मग कोणीतरी मोलगीच्या वाहरूचं नाव सांगितलं. मोलगीला तो जीपगाड्या दुरुस्त करतो, आणि रस्त्याच्या ठेकेदाराकडून घेतलेलं एक जुनं मशीन त्याच्याकडे पडून होतं. बाजाराच्या दिवशी गेलो. मशीन पाहिलं आणि जीव निवला. बावन्न किलो! दोन माणसं लागली हलवायला. किलोचा भाव काढला तर जवळपास भंगाराचा. वाहरूने मला हाताला धरून बाजूला नेलं (एवढा प्रामाणिक विक्रेता मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याचं मी ऐकलं नाही) आणि म्हणाला, "काका, हाई मशीन शे, केळीना घड नही. वजनवर काय लेतस? घरना लाइटवर हाई चालाव नही." मला वाटलं भाव वाढवायला बोलतोय.

घरी आणून नारळ फोडला, कुंकू लावलं, हार घातला आणि मशीन घरच्या बोर्डाला जोडलं. बटण दाबल्यावर मशीनने एक दीर्घ हुंकार दिला आणि अख्खी गल्ली बंद पडली. डीपीचा फ्यूज गेला. पिठाची गिरणी थांबली, टीव्ही थांबले, आणि अर्धी गल्ली आमच्या गॅरेजसमोर गोळा झाली. समोर हार घातलेलं मशीन पाहून एका म्हातारीने हात जोडले. कशासाठी, ते कळलं नाही.

मग लक्षात आलं, शेतात मोटरची मोठी, थ्री-फेज लाइट आहे. दुसऱ्या दिवशी मशीन आणि झोपाळ्याचे दांडे ट्रॉलीत घालून तापीकाठच्या मळ्यात नेले. लाइट आली. मी ट्रॉलीतच दांडा टेकवला, काळा चष्मा लावला (उन्हाचा; हेल्मेटची चैन आपल्यासारख्यांना), डोळे मिटले आणि रॉड टेकवला. ठिणग्या उडाल्या. हेमराज म्हणाला, "जमनं भो, जमनं!" डोळे उघडून पाहतो तर आकडा होता तिथेच पडलेला, आणि दांडा ट्रॉलीला जोडला गेला होता. इतका पक्का, की ट्रॉली तशीच घरी आणावी लागली. वाटेत दानियल आपल्या दारात उभा होता. त्याने उभ्या दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आत निघून गेला. तो हसला असता तर बरं झालं असतं. दोन दिवस माझे डोळे वाळू गेल्यासारखे चुरचुरत होते.

असो. हाती घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही, हे आपण जाणताच. ग्राइंडरने दांडा सोडवला, पुन्हा मळ्यात गेलो, शांत चित्ताने रॉड चालवला आणि काल दुपारी झोपाळा स्वतःच्या हाताने जोडला. तेव्हा रविवारी सहकुटुंब यावं. जसोदाबाईंना नमस्कार.

आपला,
हेमकांत

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी पत्र आमच्या सौ. रंजनाबाईंनी वाचलं. त्यांच्या आज्ञेवरून एक दुरुस्ती: 'स्वतःच्या हाताने' हे शब्द खोडलेले समजावेत. माझे तीन रॉड चिकटून वाया गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुमनं झायं व्हई ते बाजूले सरका." दानियलच्या घरून मागून आणलेली वेल्डिंगची काळी काच त्यांनी तोंडासमोर धरली आणि पहिल्याच फटक्यात आकडा जोडला. काल संध्याकाळी दानियल स्वतः येऊन हातोडीने ठोकून गेला. म्हणाला, पक्कं आहे, कोणी केलं? मी म्हणालो, मी. या वेळी तो हसला.

ता. क. २. रंजनाबाईंना कोणी शिकवलं, हेही लिहा असा हुकूम आहे. कामिनीने. ती घरी पलंगावर बसून, व्हिडिओ कॉलवरून. "आई, रॉड दाबू नका, हळूच ओढा. पापड तळल्यासारखा आवाज आला की समजा बरोबर चाललंय." मी विचारलं, पोरी, तुला हे कसं ठाऊक? ती म्हणाली, बाबांचा गेट जोडतानाचा फोटो नीट बघा. आम्ही तो मोठा करून पाहिला. हेल्मेटखाली कोण ते दिसत नाही, पण रॉडचा होल्डर धरलेल्या हातात आम्ही साखरपुड्यात कामिनीला भरलेल्या हिरव्या बांगड्या आहेत. गेटही तिचं, जिनाही तिचा. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की आपला राग करायचंही विसरलो.

ता. क. ३. आता खरी विनंती. लग्न झाल्यापासून आपलं मशीन (तेही दुकानातल्यासारखं पाच किलोचंच, असं कामिनी सांगते) धूळ खात असणार, कारण ते चालवणारी आमच्याकडे आहे. बाळंतपण झालं, पोर जरा मोठं झालं, की तिला आमच्या गॅरेजात ते हवंय. रविवारी येताना घेऊन या. हेल्मेटही आणा. स्टँडपासून घरापर्यंत घालूनच आलात तरी चालेल, गल्लीला सगळं कळलंय.