एप्रिलच्या तीस कुप्या

१ एप्रिल २०२५, मंगळवार
वैरागहून पहिली एसटी धरली आणि नऊच्या आत प्रयोगशाळेत नोकरीवर हजर झाले. आई म्हणत होती, एक एप्रिलला कुणी रुजू होतं का, फसवतील तुला उत्कर्षा. कुणी फसवलं नाही, उलट चहा मिळाला. डॉ. गुरुबसप्पा सर अक्कलकोटकडचे, कमी बोलणारे. यंत्रमाग कामगारांच्या शरीरावर सोलापूरच्या उन्हाळ्याचा काय परिणाम होतो, ते शोधण्याचं त्यांचं काम. कामगारांचं रक्त तपासणं माझं.

इथली रीत मजेशीर आहे. नवा माणूस आला की आधी त्याचंच रक्त घेतात. माझं सीरम, म्हणजे रक्ताचा निवळ पातळ भाग, साठ कुप्यांत भरलं. महिन्याच्या प्रत्येक तारखेच्या दोन कुप्या, एक इथल्या फ्रीजरमध्ये, उणे ऐंशी अंशांना, दुसरी शेजारच्या दवाखान्यात, म्हणजे दोन्ही मशीनं एकाच मापानं चालतात. तारखा मीच घातल्या. रोज सकाळी त्या दिवसाची कुपी वितळवून मशीनला द्यायची. माझं पोटॅशियम ४.१ भरलं, तेव्हा तीसही दिवस ४.१ यायला हवं. आलं की मशीन खरं, मग कामगारांचे नमुने लावायचे. साडेतीन ते पाच म्हणजे उत्तम, सातच्या वर हृदय थांबू शकतं. दोन ठिकाणचं माप म्हणजे मी! आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, माप भरून जेवत जा आधी.

५ एप्रिल
पाचही दिवस ४.१. राजेसाबमामा इथले जुने मदतनीस, फरशी पुसण्यापासून फ्रीजरच्या किल्लीपर्यंत सगळं त्यांच्याकडे. माझ्याआधी श्रीदेवी नावाची मुलगी होती. ती कुठे गेली विचारलं, तर म्हणाले, मैंदर्गीला, गावाकडं गेली. आणि बादली घेऊन निघून गेले.

९ एप्रिल
कुपी ४.६. सर म्हणाले, उन्हानं मशीन चढलंय, फॅक्टर लाव. म्हणजे ४.६ चं ४.१ होईल असा गुणक, तो दिवसभर सगळ्या नमुन्यांना लावायचा. घरचा काटा पावशेर जास्त दाखवतो म्हटल्यावर आपण पावशेर वजा करतोच की. दवाखान्यातही तेच करतात म्हणे.

१३ एप्रिल
कुपी ५.२. फॅक्टर लावला. दोन दिवस पाय शिशाचे झालेत, ओठांना मुंग्या येतात. उन्हाळा बाधला असावा. म्हटलं, मशीन हाताशी आहे तर स्वतःचं ताजं रक्त तपासावं. ४.१. जिवात जीव आला. शेंगाचटणीशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

१५ एप्रिल
कुपी ६.०. फॅक्टर लावून नमुने चालवले तर चाळीसच्या चाळीस कामगारांचं पोटॅशियम तीनच्या खाली. चाळीस माणसं एकाच दिवशी कशी खचतील? फॅक्टर काढून पाहिला. सगळे ठणठणीत.

म्हणजे मशीन खरं आहे. बदलली ती कुपी. पण एक तारखेला गोठवलेलं रक्त बदलेलच कसं?

मग तेराचा माझा आकडा आठवला. मी स्वतःला स्वतःच्याच मापानं मोजलं होतं, तो ४.१ येणारच. फॅक्टर काढला तर ५.२. त्या दिवशीच्या कुपीइतकाच, दशांशसुद्धा तोच.

आज पुन्हा ताजं रक्त काढून फॅक्टरशिवाय लावलं. ६.०.

पहिल्या दिवशी काढलेलं रक्त माझ्याबरोबर चाललंय.

सरांना सांगितलं. त्यांनी वहीतल्या ४.१ च्या सरळ रांगेवर बोट ठेवलं. कामगारांचे नमुने त्यांच्या मते खराब झाले असतील.

१७ एप्रिल
कुपी ६.८. श्रीदेवीची मार्चची वही काढली. रोज ४.१. शेजारच्या रकान्यातला फॅक्टर मात्र रोज उतरत गेलेला. एकोणीस मार्चनंतर पानं कोरी.

मामांना वही दाखवली. ते तिथंच खाली बसले. म्हणाले, खोटं बोललो ताई. लई गुणाची पोरगी व्हती. वीस तारखेला सकाळी मी दार उघडलं तर ह्याच स्टुलावर बसल्याली. बसल्या जागी गेल्ती. सायेब म्हनले, नव्या मानसाला भ्या दावू नका.

तिच्या उरलेल्या कुप्या फ्रीजरमध्येच आहेत. एकोणीसचा खरा आकडा वहीतल्या फॅक्टरवरून काढला. ७.७. वीसची कुपी लावली. २४. एकतीसची, २४.

इतकं पोटॅशियम जिवंत माणसात नसतं. मेल्यावर पेशी फुटतात, तेव्हा होतं. म्हणजे कुपीवर जी तारीख, त्या दिवसाचं रक्त.

१८ एप्रिल
माझी तीसची कुपी लावली. २४.
पंचविसाची. २४.
एकविसाची – २४.
विसाची –
एकोणिसाची ७.७. म्हणजे उद्या जिवंत आहे. परवा –
सकाळीच दवाखाना गाठायचा. तिथं औषध आहे, सलाइन आहे. पोटॅशियम उतरवता येतं. मला जगायचंय.

१९ एप्रिल
दवाखान्यात गेले. सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे ऐकलं, रक्त घेतलं, हृदयाचा आलेख काढला. आलेख जरा उंच आहे म्हणाल्या, पण आकडा बघू, मग ठरवू.

४.१.

मी रडले. खरंच रडले. त्या हसल्या, म्हणाल्या, कामाचा ताण घेतेस, सुट्टी टाक, घरी जा. आईला फोन केला, उद्या येते म्हटलं. पुरणपोळी कर म्हटलं.

निघताना त्यांच्या मशीनपाशी नजर गेली. ट्रेमध्ये रिकामी कुपी. १९. अक्षर माझं.

परत आत गेले. फॅक्टर काढा म्हणून पाया पडले. त्यांनी फोन लावला – सरांनाच. फोन ठेवून म्हणाल्या, दोन्ही मशीनं जुळतायत, पोरी. सलाइन दिलं तर उलट अपाय होईल.

दुसऱ्या दवाखान्यात जायला निघाले. जिन्यातच पाय – शेजारून धावत आलेल्या मामांनी रिक्षातून माझ्या भाड्याच्या खोलीवर आणलं.

२० एप्रिल, रविवार
मामांना शोधत प्रयोगशाळेपर्यंत कशी आले माहीत नाही. मामांकडून किल्ली घेतली. ते रिक्षा आणायला गेलेत. वैरागला नाही, आधी मोठ्या –

स्टुलावर बसलेय. दुसरं काही नाही बसायला.

आई वाट बघत –

छाती थांबून थांबून –

एक मे ला नवी मुलगी येणार. पायल. सर म्हणत होते. तिच्यासाठी ह्याच वहीत लिहून ठेवते. मोठ्या अक्षरात.

पायल, आल्या आल्या रक्त द्यायला हात पुढे करू न