वास्तूचं पहिलं ताट

महेश्वर, १२ जानेवारी २००३

तीर्थरूप आईले, हर्षाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

भाड्याची खोली एकदाची सुटली. किल्ल्याखालचं घर आता आपलं हाय. पर्यटक दिवसभर दाराचे फोटो काढतात, हाटेल समजून आतही येतात. होईल सवय. शेजारणी अजून दुरूनच हासतात.

काल वास्तू झाली. पहिलं ताट माहेरच्या सवाष्णीले वाढजो, असं तू सांगितलं होतं. पण रूपाली वहिनीचे दिवस भरत आलेले, अल्लीपूरहून येणार कोण? ताट वाढून मी रडत बसली होती.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "काऊन वं बाई, रोडगे भाजून राह्यली का?" घाट पाहाले आलेली हिंगणघाटची बाई, आपल्या अल्लीपूरच्या जवळचीच! अंगणातल्या गोवऱ्यांच्या धुराचा वास घेत आली होती. तिले पाटावर बसवलं, पोटभर जेवू घातलं, ओटी भरली. जीव कसा हलका झाला म्हणून सांगू!

वहिनीले जड उचलू देऊ नको. तुहे गुडघे कसे हायेत? खरं सांगजो.

हे पत्र मी पोस्टात टाकलं नाई. ते घेऊन जी बाई तुह्या दारात उभी हाय ना, तीच ती. तिले आत घे, आई.

तुही लेक,
हर्षा