ऐनाचे अकरा खुंट

होसूर
२८ डिसेंबर २०२५

कोंडूदादास संजूचा नमस्कार, आईच्या पाया पडतो, आणि मी गेलो म्हणून नागली गेली हे बोलणं तू आधी परत घे. परवा फोनवर दोनदा बोललास. दिवाळीत खळ्यावर चारचौघांत बोललास ते वेगळंच. "घरातला एक गडी गेला नि दळी रुसली." गडी मोजून डोंगर पिकतो काय रे? बाबा एकटाच वर जायचा, तेव्हा घरात नागली मावत नव्हती. आणि मी आटगावच्या गोडाऊनला होतो तेव्हा तुला चाललं, पनवेलला गेलो तेव्हापण चाललं. होसूरला आलो तर तुला एकदम डोंगरावरची दळी आठवली.

असो. फोनवर आपलं भांडण होतं नि तू कट करतोस, म्हणून लिहितोय. इथं माझ्याबरोबर कामाला असलेला आपल्याकडचा संदेश म्हशाच्या जत्रेसाठी घरी निघालाय, त्याच्या हाती देतो. तुला वाचता येत नाय, म्हणजे मैनावहिनीच वाचणार. वहिनी, मोठ्यानं वाच. आईलापण बसव. अक्षर कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं आहे, सातवीतनं शाळा सोडलेल्याचं दुसरं कसं असणार.

मी बरा आहे. इथं गुलाबाची शेती आहे, प्लास्टिकच्या मांडवाखाली. जेवायला भात नि सांबार, भाकरीचं नाव नाय. काम काय, तर वाफ्यात माती भरायची. तुला हसू येईल, इथं माती विकत आणतात. ट्रकनं. त्यात कुजलेला पाला मिसळतात, तोसुद्धा विकतचा! आपण जो फुकट जाळतो, तो पाला.

आमचा मुकादम म्हातारा आहे, केरळचा. हिंदी तोडकंमोडकं. पहिल्या आठवड्यात मी सवयीनं छाटलेल्या फांद्यांचा ढीग एका वाफ्यावर रचला नि दिली काडी. म्हटलं राख होईल, बरंच आहे. म्हातारा धावत आला. मला वाटलं आता शिव्या. त्यानं नुसतं मगभर पाणी आणलं नि जळलेल्या मातीवर ओतलं. दादा, पाणी आत गेलं नाय. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं घरंगळून गेलं. "राख एक साल खिलाता है," तो बोलला, "अंदर जो जिंदा था, वो मर गया." मग मला विचारलं, "तुम्हारे गांव में ऐसा करते हैं क्या?"

मी नाय म्हटलं. ते खरं पण होतं. आपल्यात असं करत नाय कोणी. मी केलं.

आता ऐक, आणि मधी उठू नको.

बाबाची रीत तुला माहीत आहे. ऐनावर चढायचं, फांद्या छाटायच्या, खाली उघड्यावर पसरून राब भाजायचा, त्या राखेत पेरायचं. बुंध्याला आच लागता कामा नये. "झाडाचे हात घ्या, मान नको," असं म्हणायचा. पहिल्या साली नागली, दुसऱ्या साली वरी, तिसऱ्या साली खुरासणी, मग ऐनाला परत हात फुटेपर्यंत दळी सोडून द्यायची. आठ वरसं, दहा वरसं.

दोन हजार तेवीसच्या शिमग्याआधी तू फांद्या छाटताना वरून पडलास. तुझ्या नडगीचं हाड बाहेर आलेलं मी पाहिलं. त्याच्यानंतर मला झाडावर चढवेना. मी कुणाला सांगितलं नाय. मोठा मर्द ना मी. शिवाय गोडाऊनवाल्यानं मला कामावर यायची तारीख दिली होती. मग मी चढलोच नाय. अकरा ऐनांच्या बुडाशी पाला, काटक्या, शेण रचलं नि पेटवून दिलं. चार दिवसांनी झाडं आपोआप आडवी झाली, तीपण जागेवरच जाळली. खुंट आठवडाभर आतून धुमसत होते. तू खाटेवर होतास, पायाला प्लास्टर. तुला सांगितलं, वणवा आला, मी एकटा काय करणार. तू म्हणालास, "जाऊ दे रे, तू वाचलास ना."

वणवा नव्हता आला दादा.

त्या साली नागली कंबरेएवढी झाली. तू काठी टेकत वर आलास, सगळ्यांच्या देखत माझ्या पाठीवर थाप मारलीस. आई बोलली, "संजूच्या हाताला गुण आहे." मी ऐकून घेतलं. आणि हावऱ्यासारखं मीच म्हटलं, पुढच्या सालीपण नागलीच करू, वरी कशाला.

पुढच्या वैशाखात तुझं लगीन झालं. आपल्या रिवाजानं नव्या सुनेनं बियाण्याची पहिली मूठ टाकायची, ती मैनावहिनीनं टाकली. त्या साली पीक निम्मं आलं. यंदा तर पाटीभरच. आई काय बोलते ते गावाला पाठ झालंय. "नवीन पाय घरात आला नि बरकत बाहेर गेली."

वहिनी, इथं थांबू नको. तुला मी ओळखतो. तू कागद घडी घालशील नि "बाकी खुशाली लिहिलीय" असं सांगशील. वाच. दिवाळीत खळ्यावर आईनं तुझ्या हातातलं सूप काढून घेतलं. "राशीला हात नको लावू," बोलली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तू घरात गेलीस, भाकऱ्या केल्यास, नि पहिलं ताट मला दिलंस. मी तीन खाल्ल्या. तू म्हणालीस, "अजून घ्या ना भावजी." मी घेतली.

आई, ऐक. दळी मैनावहिनीच्या हातानं गेली नाय. ती माझ्या हातानं गेली. तिला मागणी घालायला आपण गेलो त्याच्याआधीच ती माती मेलेली होती.

खळ्यावरच्या त्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी फोनला रेंज बघतो सांगून मी वर दळीवर गेलो. एका खुंटाच्या जागी पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. मुळं जळून खाली पोकळ झालंय. त्याच भोकांतून पावसाळाभर पाणी धावलं, माती ओहोळाला गेली. वर नुसता मुरूम. माती धरून ठेवणारे ऐनच मी ठेवले नाय.

आणि आता तू म्हणतोस, राख कमी पडते, यंदा उरलेले सात ऐनपण घेऊ, राब जाडा भाजू. दादा, हात जोडतो. त्यांना हात लावू नको. राख कमी नाय पडली, जास्त झाली. यंदा तिथं काडी पेटवू नको, नागली पेरू नको. पाच वरसं, दहा वरसं, जितकी मागेल तितकी सोड तिला. खालच्या अंगाला दोन खुंट पुरते जळले नव्हते, त्यांना बोटाएवढे फुटवे आलेत. मी मोजून बघितले, सहा आहेत. करवंदाची काटेरी जाळी तोडून त्यांच्याभोवती घाल, नायतर शेळ्या खातील.

मला मारायचं तर होळीला घरी येतो, तेव्हा मार. पण आईला सांग, खाली आवणाच्या खाचरात भाताची पहिली मूठ वहिनीनंच टाकायची. मी तिथं उभा राहून बघणार.

दळी निजलेली असेल तोवर घरात नागली विकतची लागणार. ती मी देणार, दर साली, कुठंपण असलो तरी. पैसे दादाच्या हातात नको, आईच्यापण नको. वहिनी, तू घे. मुरबाडच्या बाजारात तू जा, नागली तू हातात घेऊन पारख, नि तुझ्याच हातानं कणगीत ओत.

खोटं बोललेला, तुमचाच
संजू

संदेशजवळ दिलेत : रुपये आठ हजार पाचशे.