काशप्पाच्या म्हशीनं रिंगण चाटलं त्याची हकीकत

मु. पो. संतपूर, ता. औराद
मार्गशीर्षाची पुनव झाल्यावरचा रविवार

चिरंजीव शिवप्रसाद यास थोरल्या भावाचे डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. सौ. विजयश्रीची कंबर आता कशी हाय? बेंगळूरच्या थंडीत तिला फरशीवर अनवाणी फिरू देऊ नको. इकडं तुरीला शेंगा भरल्यात, तुझ्या वच्छलावहिनीचा गुडघा दुखायलाय आणि माझं डोकं ठिकाणावर न्हाई. फोनच केला असता, पण आमची सोनू तुझ्याच घरी राहायलीय आणि माझा फोनवरचा आवाज तुला ठाऊक हाय (वच्छला म्हणती, फोन कशाला लावता, नुसतं अंगणात उभं राहून बोला). हे पत्र सोनूला अजिबात दाखवायचं न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो.

तुझी पुतणी विक्का का काय ते शिकायलीय, हे तुला माझ्याआधी कळालं व्हतं आणि तू गप बसलास, त्याबद्दल समोरासमोर बोलू. गोऱ्यांच्या देशातला नवा पंथ हाय म्हणे. चंद्र, झाडं, ऋतू पुजायचे, रिंगण आखून मंत्र म्हणायचे, आणि करणाऱ्या बाया स्वतःला खुशाल चेटकीण म्हणवून घेतात. आपल्याकडं बाईला कुणी तसं म्हणलं तर भांडण पोलिसापर्यंत जातं, आणि ही पोरगी आपल्या तोंडानं फोनवर सांगती! मी दोन शब्द बोललो (बरं, दोनापेक्षा जास्त बोललो असंन). तर म्हणली, अप्पा, तुम्हाला समजूनच घ्यायचं न्हाई तर मी येळवसीला येऊन काय करू? आणि ठेवला फोन. आता तूच सांग, आपल्याकडं मार्गशीर्षातल्या अवसेची येळवस दिवाळीपेक्षा मोठी. शेतात कडब्याची झोपडीवजा कोपी घालायची, चुन्यानं रंगवलेले पाच पांडव मांडायचे, रानातच भज्जी-उंड्याचं जेवण. आणि आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन शेतात जायचा मान सोनूचा, फ्रॉक घालायची तेव्हापासून. ती न्हाई तर कसली येळवस! म्हणून मनाशी ठरवलं, घेऊ बाबा समजून.

फोनवर धडे मिळतात. एक गोरी बाई शिकवती आणि खाली मराठी अक्षरं येतात, पण ती मराठी कुठल्या तालुक्याची हाय ते कळत न्हाई. पहिला नियम म्हणे, कुणाला इजा न करता मन मानंल ते करा. मन मानंल ते! आपल्या घरात ही सवलत आजवर कुणाला मिळाली न्हाई. मग म्हणती, दिवस मावळताना जागा झाडून घ्या. मी झाडू उचलला तर वच्छलानं हिसकावून घेतला, की तिन्हीसांजेला लक्ष्मी बाहेर काढायलात का. पुढं बाई म्हणती, झाडूवरून उडी मारा. (हे लग्नाच्या वेळचं असतं, असं नंतर कळालं. तवर वच्छलानं झाडू कणगीमागं लपवला व्हता.) मग काळ्या मुठीचा एक सुरा पाहिजे, ज्यानं काहीच कापायचं न्हाई. हे एक साहित्य मात्र घरात तयार निघालं. तू मागच्या दिवाळीला आणलेला सुरा. त्यानं आजवर टमाटासुद्धा कापला गेला न्हाई.

तर या पुनवेला मी अंगणात जाड्या मिठाचं रिंगण घातलं. उत्तरेला शेतातली माती, दक्षिणेला दिवा, पश्चिमेला तांब्याभर पाणी, आणि पूर्वेला वाऱ्यासाठी पीस. मोराचं कुठून आणू? खुराड्यापाशी कोंबडीचं पडलं व्हतं, तेच रोवलं. आता बघ, पुनव, मीठ, दिवा, कोंबडीचं पीस आणि मधोमध सुरा धरून मी. आपल्या मुलखात याला काय म्हणतात ते तुला सांगायला नको. शेजारचा काशप्पा म्हैस घेऊन रानातून यायलता. त्यानं बघितलं आणि 'अय्यय्यो, भानामती!' करून दावं टाकून पळाला. माणूस पळाला अन् म्हैस आत आली. आली ती मिठालाच लागली. धड्यात सांगितलंय, रिंगण रीतसर उघडल्याबिगर आतल्यानं बाहेर पडू नये. मी आत उभा, म्हैस चाटायलीय, रिंगण कमी कमी व्हायलंय, आणि उघडावं कुठून ते कळंना, कारण पूर्व दिशा पिसासकट तिच्या पोटात गेली व्हती.

काशप्पा गुरुपादय्या स्वामींना घेऊन आला, करणी उतरवायला. स्वामींनी सगळं शांतपणे ऐकलं, चंद्र, माती, दिवा, पाणी, आणि म्हणले, मग यात भ्यायचं काय? चहा घेऊन गेले. मला वाटलं, सुटलो. पण मीठ खाऊन म्हैस हौदभर पाणी प्याली आणि सकाळी तिनं दूध जास्त दिलं. आता दिवस मावळला की लोक आपापली म्हैस माझ्या दारात आणायलेत आणि काशप्पाच त्यांची रांग लावायलाय. तोंडावर मला कुणी काही म्हणत न्हाई, पण पोरं माझी सावली चुकवून जातात. मी शिकायलोय का शिकवायलोय, काही समजंना झालंय.

आणि खरा घोटाळा तर पुढंच हाय. काल थंडीतल्या सणाचा धडा आला. जमिनीला जेऊ घाला, धान्याचं पेय मातीवर शिंपडा, जाळ करा, सगळ्यांना बोलावून जेवा. मी वच्छलाला वाचून दाखवलं. ती उंड्यासाठी बाजरी निवडायली व्हती. मान वर न करता म्हणली, मग आपण ओलगे ओलगे म्हणत शेताला आंबिल शिंपडतो, ते काय गंमत म्हणून? माझं डोकं गरगरलं. मग सोनू तिकडं जाऊन नवीन काय शिकली? का तिला हे सगळं आधीपासून आवडत व्हतं आणि आम्ही कधी विचारलंच न्हाई? का मीच जन्मापासून विक्का हाय आणि मला कुणी सांगितलं न्हाई? स्वामींना विचारावं तर ते म्हशीचं विचारतात. हे समजायला वर्ष आणि वर एक दिवस लागतो म्हणे, आणि येळवस तर तोंडावर आली. मला लेकीची लई आठवण यायलीय, बाकी काही समजत न्हाई बघ.

विजयश्रीला आशीर्वाद, आणि तब्येतीला जपा.

तुझा अण्णा,
अंकुशराव

ता. क. तिच्या पंथात कोपीचं तोंड कुठल्या दिशेला पाहिजे, एवढं सोनूला सहज विचारल्यासारखं विचार. मी विचारलंय म्हणू नको. तिनं स्वतः फोन करून सांगितलं तरी माझी काही हरकत न्हाई.

आणखी ता. क. बिंदगं कोण घेणार हा प्रश्नच हाय. वच्छलाचा गुडघा तसला, म्हणून मी ताक भरून डोक्यावर घेऊन बघितलं. अंगणभर ताक झालं. तेही काशप्पाच्या म्हशीनं चाटलं.

शेवटचं ता. क. पत्र सोनूला दाखवू नको म्हणलो ना? मग दाखवू नको. घडी घालून फ्रिजवर डब्याखाली ठेव, अर्धं बाहेर राहू दे. लपवून ठेवलेलं ती आधी वाचती, लहानपणापासूनची खोड हाय तिची.